वयःसंधीच्या कथात्म साहित्यातील रूपक व प्रतीक

बाल्य ओसरल्यानंतर व प्रौढत्व येण्यापूर्वीच्या काळाला वयःसंधी म्हणतात. या काळातून जाणाऱ्या व्यक्तीची जडणघडण हाच ज्यांचा मुख्य विषय असतो, अशा कथा, कादंबऱ्या, कथात्म आत्मकथने आणि चित्रपट यांचा अंतर्भाव वयःसंधीच्या कथात्म साहित्यात केला जातो. या प्रकारात बाह्य घटना सामान्यतः थोड्या व साध्या असतात : शाळेतील एखादा प्रसंग, घरातील मृत्यू, पहिले आकर्षण, पहिला अपमान. मात्र या घटनांतून नायकाला जे उमगते, ते सांगण्यास पुरेशी भाषा त्याच्याजवळ अद्याप आलेली नसते. त्यामुळे त्याचे उमगणे वस्तू, प्राणी, स्थळे आणि नावे यांच्या द्वारा व्यक्त होते. रूपक व प्रतीक यांना या साहित्यप्रकारात जे महत्त्व प्राप्त होते, ते याच कारणाने. अन्यत्र अलंकरणाचे साधन ठरणारे रूपक येथे कथानकाचाच भाग बनते, कारण एखाद्या गोष्टीला दुसरा अर्थ असतो हे कळणे हाच वयात येण्याचा एक महत्त्वाचा टप्पा असतो.

मराठीत या प्रकाराची परंपरा समृद्ध आहे. तीत सोलापूर जिल्ह्याशी निगडित अशा तीन कृतींनी रूपकाच्या उपयोगाला वेगळे वळण दिले : शरणकुमार लिंबाळे यांचे अक्करमाशी (१९८४), किशोर शांताबाई काळे यांचे कोल्हाट्याचं पोर (१९९४) ही आत्मकथने व नागराज मंजुळे यांचा फँड्री (२०१३) हा चित्रपट. पहिल्या दोन कृती काटेकोर अर्थाने कल्पित नव्हेत. तथापि प्रसंगांची निवड, त्यांची मांडणी आणि बालमनाच्या पातळीवरून केलेले निवेदन या दृष्टींनी त्या कथात्म साहित्याच्या कक्षेत येतात.

संकल्पना : उपमेय व उपमान यांच्यातील भेद लोपवून त्यांचा अभेद कल्पिणे म्हणजे रूपक, अशी संस्कृत अलंकारशास्त्राची धारणा आहे. प्रतीकाचे स्वरूप याहून भिन्न असते. रूपकात दोन गोष्टी उघडपणे एकत्र आणल्या जातात. प्रतीकात एकच गोष्ट समोर असते व ती आपले मूळ स्वरूप न सोडता अधिक अर्थाचा निर्देश करते. दिवा हा प्रथम दिवा असतो, त्यानंतर तो ज्ञानाचे किंवा आशेचे प्रतीक होतो. वयःसंधीच्या साहित्यात प्रतीकाचे यश बव्हंशी या प्रथम अर्थाच्या बळकटपणावर अवलंबून असते. मुलाच्या जगात वस्तूचा उपयोग आधी असतो, अर्थ मागाहून येतो. हा क्रम उलटला, तर मूल लेखकाच्या विचारांचे वाहन बनते.

रूपकाच्या मुळाशी असलेल्या लक्षणा या शब्दशक्तीचे विवेचन मम्मटाने (अकरावे शतक) काव्यप्रकाश या ग्रंथात केले आहे. शब्दाचा मुख्य अर्थ जुळेनासा होणे, त्या अर्थाशी संबद्ध असा दुसरा अर्थ घेणे व तसे करण्यामागे रूढी किंवा प्रयोजन असणे, या लक्षणेच्या तीन अटी होत. प्रयोजनातून निघालेली लक्षणा जाणीवपूर्वक केलेली असते. रूढीतून आलेली लक्षणा मात्र इतकी अंगवळणी पडलेली असते, की ती लक्षणा आहे याचाच बोलणाऱ्यास विसर पडतो. सादृश्यावर आधारलेल्या गौणी लक्षणेचे शास्त्रातील परंपरागत उदाहरण येथे विशेष लक्षणीय आहे. वाहीक देशातील मनुष्यास बैल म्हणणे, हे ते उदाहरण. बैलाच्या ठायी असलेले जाड्य व मांद्य हे गुण त्या मनुष्यावर आरोपित केले जातात, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. शतकानुशतके अभ्यासकांनी या उदाहरणाची तार्किक चिकित्सा केली. त्या वाहीकास ते ऐकून काय वाटले असेल, हा प्रश्न शास्त्राच्या कक्षेत आला नाही. सोलापूर परिसरातील उपर्युक्त तीनही कृती हा प्रश्न विचारतात. रूपक उच्चारणाऱ्याच्या बाजूने नव्हे, तर ज्याच्यावर ते लादले जाते त्याच्या बाजूने त्यांचे कथन होते.

पाश्चात्त्य साहित्यातील स्वरूप : योहान व्होल्फगांग फोन गटे (१७४९–१८३२) याच्या व्हिल्हेल्म माइस्टरविषयक कादंबरीला (१७९५-९६) या प्रकारातील आद्य नमुन्याचा मान दिला जातो. जर्मन भाषेत या प्रकारास ‘बिल्डुंग्सरोमान’ म्हणजे जडणघडणीची कादंबरी अशी संज्ञा आहे. घरातून निघालेला तरुण अनुभव घेत, चुका करीत अखेर समाजात आपले स्थान शोधतो, हा तिचा ढोबळ आराखडा. या आराखड्यात प्रवास हे मूलभूत रूपक असते व समाजात नायकासाठी कोठेतरी जागा आहे, हे त्यात गृहीत धरलेले असते. जेम्स जॉइस (१८८२–१९४१) याच्या अ पोर्ट्रेट ऑफ द आर्टिस्ट ॲज अ यंग मॅन (१९१६) या कादंबरीत नायकाचे आडनावच ग्रीक पुराणकथेतील डेडालस या कुशल कारागिराचे आहे. स्वतः घडविलेल्या पंखांच्या साहाय्याने बंदिवासातून उडून जाणाऱ्या त्या पूर्वजाची आठवण नायकाला आपल्या कलावंतपणाची ओळख पटवून देते. नाव हे येथे वारसा म्हणून लाभते व उड्डाणाचे साधन ठरते. ज्याच्या नावाचाच समाजाला आक्षेप आहे, अशा मुलाची कथा या नमुन्यात सामावणे कठीण आहे.

मराठीतील परंपरा : पांडुरंग सदाशिव साने अर्थात साने गुरुजी (१८९९–१९५०) यांच्या श्यामची आई (१९३५) या पुस्तकात रूपक हे दृष्टांताच्या स्वरूपात येते. पायांना घाण लागू नये म्हणून जपणाऱ्या मुलाने मनालाही घाण लागू नये म्हणून जपावे, ही आईची शिकवण सर्वपरिचित आहे. फुले, पाने, मुकी जनावरे यांच्याकडे पाहण्याची दृष्टी श्यामला आईकडून मिळते. वस्तूला दुसरा अर्थ असतो हे येथे वडीलधारी व्यक्ती सांगते व मूल तो अर्थ कृतज्ञतेने स्वीकारते. कीर्तन-प्रवचनांच्या परंपरेशी जवळीक असलेली ही पद्धत मराठी वाचकाच्या मनात खोल रुजलेली आहे. तिच्यात अर्थ देणारा व घेणारा यांच्यात प्रेमाचे नाते असते, हे विशेष ध्यानात घेण्याजोगे आहे.

भालचंद्र नेमाडे (१९३८– ) यांच्या कोसला (१९६३) या कादंबरीने या विश्वासाला तडा दिला. कोसला म्हणजे किड्याने स्वतःभोवती विणलेला कोश. शिक्षणासाठी खानदेशातून पुण्यास आलेला व अखेर रिकाम्या हातांनी परतणारा पांडुरंग सांगवीकर ज्या अवस्थेत अडकतो, तिचे हे रूपक होय. कोशातून फुलपाखरू बाहेर पडणे हा अपेक्षित शेवट कादंबरी नाकारते. प्रकाश नारायण संत (१९३७–२००३) यांच्या वनवास (१९९४), शारदा संगीत (१९९७), पंखा (२००१) व झुंबर (२००४) या कथासंग्रहांतील लंपन हा आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे वाढणारा मुलगा आहे. वनवास हे शीर्षक रामकथेचा आधार घेते, तथापि लंपनचे जग आज्ञा व त्याग यांपेक्षा नाद, वास, रंग व माणसांचे बोलणे यांनी व्यापलेले आहे. रूपके त्याची त्यालाच सुचतात व ती त्याच्या एकाकीपणावरची फुंकर असतात. मिलिंद बोकील (१९६०– ) यांच्या शाळा (२००४) या कादंबरीत नववीच्या वर्गातील मुलांचे कोवळे प्रेम आणि १९७५-७६ मधील आणीबाणी यांची सांगड घातलेली आहे. शाळेची शिस्त व राष्ट्राची शिस्त एकमेकींवर प्रकाश टाकतात. मात्र ही तुलना लेखक कोठेही ठळक करीत नाही.

ग्रामीण साहित्यात व्यंकटेश माडगूळकर (१९२७–२००१) यांची बनगरवाडी (१९५५) ही तरुण शिक्षकाच्या दृष्टीतून लिहिलेली कादंबरी या संदर्भात उल्लेखनीय आहे. सोलापूर जिल्ह्याला लागून असलेल्या माणदेशातील धनगरांच्या वाडीत गावकऱ्यांच्या श्रमांतून तालीम उभी राहते व पाठोपाठ आलेल्या दुष्काळात वाडीच ओस पडते. या दोन घटनांमधील अंतर हेच नायकाचे शिक्षण होय. आनंद यादव (१९३५–२०१६) यांच्या झोंबी (१९८७) या आत्मचरित्रात्मक कादंबरीचे शीर्षक कुस्तीच्या परिभाषेतून आले असून शिक्षणासाठी बापाशी व दारिद्र्याशी घेतलेली झोंबी असा त्याचा आशय आहे.

या कृतींचा एकत्रित विचार करता रूपकाचे दोन मार्ग स्पष्ट होतात. एकात ते प्रेमाने दिले जाते, दुसऱ्यात मूल ते स्वतः निर्माण करते. दोहोंतही मूल हे रूपकाचा विषय नसून त्याचे ग्राहक किंवा कर्ते असते. तिसरा मार्ग सोलापूर परिसरातील साहित्यात ठळकपणे आढळतो.

सोलापूर परिसराची पार्श्वभूमी : सोलापूर जिल्हा हा मराठी, कन्नड, तेलुगू व दख्खनी उर्दू या भाषांच्या संगमाचा प्रदेश आहे. अक्कलकोट तालुक्याची सीमा कर्नाटकास भिडते. शहरातील हातमाग व यंत्रमाग व्यवसायात तेलुगू भाषक पद्मशाली विणकरांचा मोठा वाटा आहे. पर्जन्यमान अनिश्चित, अवर्षण वारंवार आणि ज्वारी हे प्रमुख अन्नधान्य. दुष्काळात बादशाही कोठारातील धान्य लोकांना वाटणाऱ्या दामाजीपंतांची कथा याच जिल्ह्यातील मंगळवेढ्याची आहे. या भागात भाकरीला जे भावनिक मूल्य आहे, ते काव्यसंकेतातून आलेले नसून उपासमारीच्या दीर्घ अनुभवातून आलेले आहे.

मंगळवेढ्याशीच संत चोखामेळा (मृत्यू १३३८) यांचे नाव निगडित आहे. गावकुसाच्या भिंतीखाली चिरडून त्यांचा अंत झाला व त्यांची समाधी पंढरपूरच्या विठ्ठलमंदिराच्या महाद्वारासमोर, म्हणजेच उंबऱ्याबाहेर आहे. बाह्य आकारावरून अंतरंग ठरविणाऱ्या समाजाला त्यांनी उसाच्या रूपकाने प्रश्न विचारला. लादलेल्या ओळखीला रूपकानेच उत्तर देण्याची रीत या प्रदेशात सुमारे सात शतकांपूर्वीची आहे.

ओळख लादण्याचे काम राज्यसंस्थेनेही केले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या व १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती वाढविली. सोलापूर येथे या जमातींसाठी तारेच्या कुंपणाची वसाहत होती आणि ‘सेटलमेंट’ हे तिचे नाव लोकांच्या तोंडी टिकून राहिले. १९५२ मध्ये कायदा रद्द झाल्यावर या जमातींना विमुक्त ही संज्ञा मिळाली. जमातीचे नाव उच्चारताच चोर हा अर्थ निघावा, ही लक्षणा येथे कायद्याने रूढ केली. कायदा गेला, तरी रूढ अर्थ एकदम नाहीसा होत नाही. ज्या मुलांच्या कथा पुढे लिहिल्या गेल्या, त्यांच्या भोवतीच्या बोलीत असे अर्थ आधीच तयार होते.

अक्करमाशी : शरणकुमार लिंबाळे (१९५६– ) यांचा जन्म अक्कलकोट तालुक्यातील हन्नूर येथे झाला. आई महार व वडील सवर्ण पाटील. या संबंधास विवाहाची मान्यता नव्हती. अशा संततीस गावच्या भाषेत अक्करमाशी म्हणतात. हा शब्द सोनाराच्या वजनमापातून आला आहे. बारा मासे म्हणजे एक तोळा; अकरा मासे म्हणजे एका माशाने उणे. भरीव बारा मासे वजनाचे ते शुद्ध व त्याहून कमी ते हिणकस, या व्यवहारातील कल्पनेचे माणसाच्या जन्मावर आरोपण झाले आणि त्यातून शिवी निर्माण झाली. मूळ रूपक विसरले गेले, फक्त शिवी शिल्लक राहिली. लिंबाळे यांनी तीच शिवी शीर्षस्थानी ठेवून तिच्यातील तराजू पुन्हा दृष्टीस आणला. वजन कमी भरते असे म्हणताना पारड्यात दुसऱ्या बाजूला काय ठेवलेले असते व तराजू कोणाच्या हाती असतो, हा संपूर्ण आत्मकथनाचा प्रश्न आहे. शाळेच्या पटावर पित्याचे नाव कोणते लिहावयाचे, हा वरवर क्षुल्लक प्रसंग त्यामुळे मध्यवर्ती महत्त्वाचा ठरतो. जॉइसच्या नायकाला नावातून पंख मिळतात. येथे नावाच्या रकान्यापाशीच मुलाचे पाऊल अडते.

या आत्मकथनातील सर्वांत प्रभावी प्रतीक भाकरी हे आहे. आरंभी शाळेच्या सहलीचा प्रसंग येतो. सवर्ण मुले एका ठिकाणी, महारांची मुले दुसऱ्या झाडाखाली बसून जेवतात व उरलेसुरले अन्न दुसऱ्या गटाच्या वाट्याला येते. पुढे याच सहलीवर निबंध लिहिण्यास सांगण्यात येते. सहल या शब्दाचा सर्वांना ठाऊक असलेला अर्थ व या मुलाचा अनुभव यांत असलेली विसंगती तेथे उघड होते. आजी शेणातून निघालेले ज्वारीचे दाणे धुऊन, दळून त्याच्या भाकरी करते, हा प्रसंग मराठी वाचकाच्या अन्नविषयक सर्व संकेतांना हादरा देणारा आहे. त्या भाकरीचा वास, तिची चव यांचे वर्णन प्रथम येते. तिचा अर्थ सांगण्याची गरज राहत नाही. वस्तूचा प्रथम अर्थ बळकट असल्यावर प्रतीक आपोआप सिद्ध होते, याचे हे उत्तम उदाहरण होय. याउलट भाकरीविषयीचे चिंतन जेथे स्वतंत्रपणे, वक्तृत्वाच्या अंगाने येते, तेथे तिची धग कमी झाल्यावाचून राहत नाही. स्वतःच्या अस्तित्वाविषयीच्या प्रश्नांच्या मालिकाही काही ठिकाणी प्रसंगांवर मात करतात. लेखनाच्या वेळी लेखकाचे वय तीसच्या आत होते, हे लक्षात घेता तो आवेग समजण्यासारखा असला, तरी शेणातील दाण्यांच्या प्रसंगासारखे संयत भागच अधिक टिकाऊ ठरले आहेत.

कोल्हाट्याचं पोर : किशोर शांताबाई काळे (१९७०–२००७) यांचे बालपण करमाळा तालुक्यात गेले. कोल्हाटी ही दोरीवरच्या व बांबूवरच्या कसरती करणारी जमात; कोलांटीउडी या शब्दाशी तिचे नाव जोडले जाते. पुढे जमातीतील मुलींनी तमाशात नाचून कुटुंब पोसावे, अशी चाल पडली. नाचणाऱ्या स्त्रीचा विवाह होत नसल्यामुळे तिच्या मुलांना पित्याचे नाव मिळत नाही. आई एका पुरुषाबरोबर निघून गेल्यावर आजोबांच्या घरी राबत, मार खात शिकलेला हा मुलगा पुढे डॉक्टर झाला.

या आत्मकथनात अलंकारिक भाषा जवळजवळ नाही. निवेदन सरळ, काही ठिकाणी कोरडे आहे. त्यातील प्रतीक शब्दांत नसून लेखकाच्या नावातच आहे. स्वतःचे नाव व आडनाव यांच्यामध्ये, जेथे महाराष्ट्रात पित्याचे नाव लिहिण्याचा प्रघात आहे, तेथे काळे यांनी आईचे नाव घातले. रिकामी जागा ही या मुलाची लाज म्हणून वापरली जात होती; तीच जागा त्यांनी ओळख म्हणून भरली. ज्या आईने आपल्याला मागे ठेवले, तिच्याविषयीची तक्रार पुस्तकभर आहे व पुस्तकाच्या मुखपृष्ठावर मात तिचेच नाव आहे. राग व माया यांचा हा तिढा लेखक सोडवीत नाही, ही या आत्मकथनाची प्रामाणिक बाजू आहे. शीर्षकातील ‘पोर’ हा शब्दही दुहेरी आहे. गावाच्या तोंडी तो तुच्छतेचा आहे, आजीच्या किंवा मावशीच्या तोंडी तोच मायेचा होऊ शकतो. शिक्षण पूर्ण करून वैद्यकाची पदवी मिळविलेल्या माणसाने स्वतःस ‘पोर’ म्हणवून घ्यावे, यात वयात येण्याच्या रूढ कल्पनेला दिलेला छेद आहे : समाजाने दिलेले नाव टाकून देणे एवढ्यानेच प्रौढत्व सिद्ध होत नाही, तर त्या नावाची लाज टाकून देण्याने ते सिद्ध होते.

फँड्री : नागराज मंजुळे हे करमाळा तालुक्यातील जेऊरचे. पिस्तुल्या या त्यांच्या लघुपटाचा विषयही शाळेपासून वंचित राहिलेला मुलगा हाच होता. फँड्री या त्यांच्या पहिल्या पूर्ण लांबीच्या चित्रपटास दिग्दर्शकाच्या पदार्पणासाठी असलेला राष्ट्रीय पुरस्कार लाभला व जब्याची भूमिका करणाऱ्या सोमनाथ अवघडे याला बालकलाकाराच्या राष्ट्रीय पुरस्काराने गौरविण्यात आले. कैकाडी जमातीतील जांबुवंत उर्फ जब्या हा शाळकरी मुलगा वर्गातील शालू या सवर्ण मुलीवर मनोमन प्रेम करतो. काळ्या चिमणीला जाळून तिची राख त्या मुलीवर टाकली, की ती वश होते, अशा समजुतीने तो गलोल घेऊन रानोमाळ हिंडतो. इकडे गावातील डुकरे पकडण्याचे काम त्याच्या कुटुंबाकडे आहे.

चित्रपटाची रचना या दोन प्राण्यांभोवती उभी आहे. काळी चिमणी ही जब्याने स्वतः निवडलेले, खाजगी प्रतीक आहे. ती सहसा दिसत नाही, हाती येत नाही व तिच्यावर इतर कोणाची मालकी नाही. डुक्कर हे समाजाने त्याच्यासाठी निवडलेले आहे; ते सर्वत्र असते आणि त्याच्यापासून पळता येत नाही. ‘फँड्री’ हा कैकाडी बोलीतील डुकरासाठीचा शब्द. घरात तो केवळ एका जनावराचे नाव आहे. गावातील मुले तोच शब्द उचलून जब्याच्या दिशेने फेकतात, तेव्हा घरची भाषाच परक्याच्या तोंडून शिवी होऊन परत येते. वाहीकास बैल म्हणणाऱ्या शास्त्रीय उदाहरणाचे इतके थेट व जिवंत रूप अन्यत्र क्वचितच आढळेल. दोहोंत फरक इतकाच, की येथे प्रेक्षक वाहीकाच्या शेजारी उभा आहे.

जत्रेच्या प्रसंगात सर्वांबरोबर नाचू पाहणाऱ्या जब्याच्या डोक्यावर मिरवणुकीचा दिवा दिला जातो. ज्याच्यामुळे इतरांना उजेड मिळतो, त्यालाच नाचण्याची मुभा नाही. हा दिवा कोठेही अर्थ सांगण्यासाठी आणलेला वाटत नाही. जत्रेत तो कोणीतरी धरावयाचा असतोच, तो कोणी धरावयाचा हे ठरलेले असते, एवढेच. वर्गात चोखामेळ्यांचा अभंग शिकविला जातो, त्या प्रसंगाचेही असेच आहे. उसाचे रूपक फळ्यासमोर सुरक्षित असते. वर्गाबाहेर त्याचा उपयोग होत नाही. शेवटी शाळेजवळ सर्वांसमक्ष डुक्कर पकडण्याची वेळ येते. हाती येऊ घातलेले डुक्कर राष्ट्रगीत सुरू होताच निसटते, कारण कुटुंब जागच्या जागी स्तब्ध उभे राहते. नागरिक म्हणून त्यांचे कर्तव्य त्यांना माहीत आहे, गावाला मात्र त्यांचे नागरिकत्व माहीत नाही, हा उपरोध शब्दांवाचून व्यक्त होतो. त्यानंतर पकडलेले डुक्कर समाजसुधारकांच्या प्रतिमा रंगविलेल्या भिंतीवरून नेले जाते. या दृश्याची बरीच प्रशंसा झालेली आहे. तथापि दिव्याच्या किंवा राष्ट्रगीताच्या प्रसंगाशी तुलना करता तेथे दिग्दर्शकाचा हात अधिक दिसतो. भिंत कथेतील मुलासाठी नसून प्रेक्षकासाठी आहे.

अखेरीस जब्या चिडविणाऱ्यांवर दगड भिरकावतो व शेवटचा दगड कॅमेऱ्याच्या दिशेने येतो. आरंभी याच हाताने गलोलीतून चिमणीवर नेम धरला होता. खाजगी प्रतीकाचा पाठलाग संपून लादलेल्या प्रतीकाचा प्रतिकार सुरू झाला, ही जब्याच्या वयात येण्याची खूण होय. दगडाला येथे दुसरा अर्थ जोडण्याची आवश्यकता नाही. रूपकाने ज्याला घायाळ केले, त्याने उत्तरादाखल रूपक न वापरता वस्तूच वापरावी, यात या कृतीचे वेगळेपण आहे. मंजुळे यांच्याच सैराट (२०१६) या चित्रपटाच्या अखेरीस लहान मुलाच्या रक्ताने माखलेल्या पाऊलखुणा उमटतात. ज्याला अद्याप बोलता येत नाही, त्याच्या पायांना अर्थ आधीच लागलेला असतो, हे त्यातून सूचित होते.

मूल्यमापन : या तीन कृतींनी मराठी वयःसंधीच्या साहित्यात जी भर घातली, ती विषयाच्या नावीन्यापुरती मर्यादित नाही. श्यामच्या कथेत रूपक ही देणगी आहे, लंपनच्या कथेत ती निर्मिती आहे. येथे ते एक ओझे आहे. रूढ लक्षणेत मूळ अर्थ विसरला गेलेला असतो. तो विसर घालविणे, म्हणजे नाव हे नाव नसून कोणीतरी, कोणत्या तरी प्रयोजनाने केलेले आरोपण आहे हे ओळखणे, हा या नायकांच्या वाढीचा निर्णायक क्षण आहे. लिंबाळे यांचा नायक त्या आरोपणातील तराजू दाखवितो, काळे त्यातील रिकामी जागा भरतात, जब्या ते परतवून लावतो. समाजात जागा मिळवून कथेचा शेवट करणारा पाश्चात्त्य आराखडा येथे लागू पडत नाही, कारण समाजाने दिलेली जागा नाकारणे हीच येथे परिपक्वता आहे.

अशा लेखनात प्रतीकांची मीमांसा करणे म्हणजे अनुभवाच्या दाहकतेकडे पाठ फिरविणे होय, असा आक्षेप घेता येतो. भाकरी ही भाकरीच आहे, तिला प्रतीक म्हटल्याने भूक सुसह्य वाटू लागते, असे त्याचे तात्पर्य. या आक्षेपात तथ्यांश आहे व भाकरीविषयीच्या वक्तृत्वपूर्ण भागांना तो लागूही पडतो. तथापि जात ही व्यवहारात भाषेच्या द्वाराच काम करते. ती माणसाला जनावराचे, वजनमापाचे किंवा गुन्ह्याचे नाव देते व त्या नावाप्रमाणे त्याला वागविते. अशा स्थितीत रूपकाची चिकित्सा ही केवळ सौंदर्यविषयक राहत नाही. ज्या साधनाने इजा झाली, त्या साधनाची ती तपासणी ठरते.

या कृतींची एक मर्यादा मात्र स्पष्ट आहे. तीनही कथा मुलग्यांच्या आहेत. आजी, आई, बहीण, शालू या स्त्रिया त्यांत अर्थपूर्ण असल्या, तरी त्या बहुधा नायकाच्या उमगण्याची निमित्ते ठरतात. मुलीच्या वाढीचे रूपक कसे असू शकते, याची कल्पना कोकणातील ऊर्मिला पवार यांच्या आयदान (२००३) या आत्मकथनावरून येते. आयदान म्हणजे बांबूच्या टोपल्या, सुपे इ. वस्तू, आईचे ते विणकाम व स्वतःचे लेखन यांच्यात लेखिकेस नाते जाणवते. तेथे रूपक ना उपदेशातून येते, ना अपमानातून. ते हाताच्या कामातून येते. विडी वळणाऱ्या व विणकामास हातभार लावणाऱ्या स्त्रियांची मोठी संख्या असलेल्या सोलापूर शहरात अशा रूपकासाठी सामग्री विपुल आहे. काळी चिमणी जब्याच्या हाती लागत नाही. तथापि तिच्या शोधात निघण्याचा अधिकार त्याने स्वतः घेतलेला असतो. तोच अधिकार त्याच्या बहिणीच्या वाट्याला कथेत केव्हा येतो, यावर या साहित्यप्रकाराची पुढील वाढ अवलंबून आहे.